न आलेल्या अंकांची नोंद

मंगल,

काल तुझ्या विभागाचा चार्ज मी घेतला. त्याचा छापील कागद तुला माहीत आहे. खाली डावीकडे देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची. उजवीकडे मी सही केली. डावीकडे काय लिहायचं म्हणून ऑफिसात विचारलं, तर हेडक्लार्क म्हणाले, "मयत लिहा आणि तारीख टाका." मला ते लिहवलं नाही. जागा तशीच ठेवली.

यादी अशी झाली. कार्डांचं लोखंडी कपाट एक. त्यात कार्डं एकशे सेहेचाळीस, पैकी चालू नियतकालिकांची बावीस, बंद झालेल्यांची एकशे चोवीस. शिक्के तीन. शाईची पॅडं दोन, त्यातलं एक वाळलेलं. कात्री एक. चष्मा एक. चष्मा यादीत घेता येत नव्हता. तो तेराव्याच्या दिवशी रनाळ्याला तुझ्या घरी नेऊन द्यायला हवा होता, पण तेव्हा मी तुझा ड्रॉवर उघडलाच नव्हता.

एकवीस वर्षं आपण समोरासमोर बसलो. तुझं टेबल खिडकीकडे, माझं दाराकडे. तुझ्याकडे नियतकालिकं, माझ्याकडे पुस्तकं, आणि संगणक आल्यापासून सगळ्याचा कॅटलॉग माझ्याकडे. ग्रंथपालाचं पद रिकामं राहिलं ते राहिलंच, म्हणून दोन कारकून बायकांनी एका कॉलेजचं ग्रंथालय चालवलं. आमच्या घरात मारवाडी बोलतात, त्यामुळे तुझी अहिराणी मला पूर्ण कळायची पण बोलता आली नाही. तू अहिराणीत विचारायचीस, मी मराठीत उत्तर द्यायची. नवीन आलेल्या प्राध्यापकांना वाटायचं, आपलं भांडण चाललंय. निम्म्या वेळा ते खरंही असायचं.

अकराला टपाल यायचं. तू वेष्टन फाडायची नाहीस, कात्रीने कापायचीस, कारण त्याच्यावर वर्गणीचा क्रमांक असतो. मग कपाटातून त्या नियतकालिकाचं कार्ड काढायचं. कार्डावर दर वर्षाची एक ओळ, दर अंकाचं एक घर. अंक आला की त्या घरात तारीख. मग शिक्का, मग मांडणी. अर्थशास्त्राचे सर हात पुढे करून उभे राहायचे. तू त्यांच्याकडे न बघता म्हणायचीस, "सर, पहिले कार्डवर इऊ द्या. मंग तुमना." सर म्हणायचे, "मंगलबाई, तोपर्यंत बाजारभाव बदलतील." तू म्हणायचीस, "ते तं तुमी वाची लियं तरी बदलतीन."

अंक आला नाही, तर त्या घराच्या कडेने पेन्सिलीने बारीक तारखा. पहिलं स्मरणपत्र, दुसरं, तिसरं. तिसऱ्यानंतरही आला नाही की घरात लाल शाईने, "आला नाही". मी सुरुवातीला विचारलं होतं, घर रिकामं आहे हे दिसतंच, मग लाल शाई कशाला घालवायची. तू चष्म्यावरून बघितलंस. "रिकामं घर दखीसन तू काय समजशी? अंक उना नही, का मी लिखं नही?"

मी हसले होते. मला ते तुझं खूळ वाटलं होतं.

डबा आपण एकत्र खायचो. तुझ्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा. चातुर्मासात मी कांदा-लसूण खात नाही म्हणून तू ठेचा झाकणाखाली लपवायचीस आणि वास यायचाच. "चार महिना तू देव," म्हणायचीस, "बाकी आठ महिना मन्हासारखी." माझ्या मुलीच्या बारावीच्या वर्षी वार्षिक मोजणीत सात पुस्तकं कमी आली होती. मी दोन रात्री जेवले नाही. तू दोन रविवार घरचं सोडून आलीस आणि माझ्याबरोबर सगळी कपाटं पुन्हा मोजलीस. सहा सापडली. सातव्याचं तू म्हणालीस, हरवलं म्हणून लिही, हरवलं लिहिल्याने कोणी मरत नाही. तुझे उपकार मोजायला बसले तर हे पहिलं येतं. पण मी पत्र लिहायला बसले आहे ते दुसऱ्या कारणाने, आणि ते आता सांगायला हवं.

मूल्यांकन समिती येणार होती ते वर्ष. वाचनकक्षात जागा हवी होती आणि ई-जर्नलचं पॅकेज घ्यायचं ठरलं होतं. एका पासवर्डवर सहा हजारांहून जास्त नियतकालिकं. आपल्याकडे छापील येत होती साठ. प्राचार्यांनी आकडा ऐकला आणि मला म्हणाले, "यातली जी आपल्याकडे बांधून ठेवली आहेत, ती आता दोनदा कशाला?" मला ते बरोबर वाटलं. पुरवठादाराची यादी आली. नाव, क्रमांक, प्रकाशक, कोणत्या वर्षापासून, कोणत्या वर्षापर्यंत. मी तीन दिवस बसून आपल्या बांधीव खंडांशी ती यादी जुळवली. नावावर विसंबले नाही, प्रत्येकाचा आठ अंकी क्रमांक ताडून पाहिला. तेवीस जुळली. तेवीसच्या तेवीस बरोबर होती, ते मी आजही सांगेन.

"कोणत्या वर्षापासून" या रकान्यात एकोणिसांपुढे वर्ष होतं. चौघांपुढे काही नव्हतं. मी त्याचा अर्थ घेतला, सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे सुरुवातीपासून असणार. चौघांपुढे कॅटलॉगमध्ये मी लिहिलं: खंड एकपासून आजपर्यंत उपलब्ध.

तू म्हणालीस, "आत उघाडीसन दख ना वं. कवयपासून शे ते दख, मंग लिख."

पासवर्ड यायला पंधरा दिवस होते. रद्दीचा टेम्पो शनिवारी येणार होता. मी म्हटलं, "यादी कंपनीची आहे, मंगल. त्यांना त्यांचं माहीत नसेल का?"

"त्यास्नं त्यास्ले मालूम व्हई. आपलं आपले मालूम पाहिजे. आनि हाई आपलं नहीच. दुसरानं घरमा डोकाई ऱ्हायनूत आपन. उद्या त्यानी खिडकी लाई लिधी तं?"

यावर आपलं दोन दिवस चाललं. निर्लेखनाच्या, म्हणजे रद्दीत काढायच्या खंडांच्या यादीवर दोन सह्या लागत होत्या, माझी आणि तुझी. तू करत नव्हतीस. शेवटी मी म्हटलं, तुझ्यामुळे काम अडलंय आणि बोलणी मला खावी लागतात. हे मी चांगल्या आवाजात म्हटलं नव्हतं. तू पेन घेतलंस. सही करण्याआधी एकदाच विचारलंस, "तू मोजेल शे ना?"

मी म्हटलं, "मोजलंय."

"मंग झायं," म्हणालीस, आणि सही केलीस.

समिती आली, आकडा बघून गेली. पासवर्ड आला. मी उघडून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. नोंद झालेली होती, आणि झालेल्या नोंदीकडे मी पुन्हा जात नाही, ही माझी सवय तुला माहीत होती.

सुनीता वसावे त्यानंतर काही वर्षांनी, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आली. मोलगीकडच्या शाळेत शिक्षिका, पस्तिशीची, पीएच.डी. करणारी. पहाटेची जीप, मग अक्कलकुव्याहून बस. आपला कॅटलॉग तिने मोबाइलवर पाहिला होता. तिला एक इंग्रजी त्रैमासिक हवं होतं, खंड नऊ, अंक तीन. त्यात मणिबेलीचा हाताने काढलेला नकाशा होता. धरणाचं पाणी चढण्याआधीचा. कोणता पाडा कुठे, कोणत्या नाल्यावर कोणाचं शेत, घरांवर घरधन्यांची नावं. मणिबेली तिच्या मामाचं गाव. ती म्हणाली, "मी इथेच बी.ए. केलं, मॅडम. तेव्हा या बाईंनीच तो खंड काढून दिला होता. मामाचं घर होतं त्यात. झेरॉक्स काढावी हे सुचलंच नाही. वाटलं, इथे तर आहे."

तू तिला ओळखलंस. माझ्याकडे बघितलंस. मी संगणकावर ते त्रैमासिक उघडलं. पहिला दिसणारा खंड पंधरावा होता. वर-खाली केलं, पान बंद करून पुन्हा उघडलं. पंधरावाच.

चौदा खंड मी टेम्पोत घातले होते.

मंगल, मी कधी खोटं बोलत नाही असं मी लोकांना सांगत आले. त्या बाईला मी म्हणाले, "साइटला काहीतरी अडचण आहे. पुढच्या आठवड्यात या."

तू तिच्यासमोर काही बोलली नाहीस. डब्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी वेष्टनं कापता कापता म्हणालीस, "सांगी दे तिले."

मी म्हटलं, आधी दुसऱ्या ग्रंथालयांत विचारते. एखादीकडे मिळाला की तिला तोच देऊ, मग सांगायचं काय राहिलं?

"आनि नोंद?"

"अंक मिळाला की आपल्याकडे प्रत येईल. मग नोंद खोटी राहणार नाही."

"आज तं खोटी शे ना. आज कोनी उनं तं?"

पुढच्या आठवड्यात ती रजा काढून आली. मी म्हटलं, तक्रार केली आहे, चालू झालं की फोन करते. तिचा नंबर लिहून घेतला. ती तुझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तरी लक्ष ठेवा, बाई." तू मान हलवलीस. ती गेल्यावर तू मला म्हणालीस, "मन्हा तोंडे नको सांगाडू. तुन्हा तोंडेच जाऊ दे." म्हणजे तू सांगू शकत होतीस. माझ्यासाठी थांबलीस.

मी पाच ग्रंथालयांना पत्रं लिहिली. तीन उत्तरं आली. दोघांकडे ते त्रैमासिक कधीच नव्हतं, एकाकडे विसाव्या खंडापासून. प्रकाशकाच्या जुन्या पत्त्यावरचं पाकीट परत आलं. दर उत्तरानंतर तू फक्त बघायचीस आणि मी म्हणायची, अजून काही बाकी आहेत. तू एकदाही म्हणाली नाहीस की मी सांगितलं होतं. मला वाटतं, म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मी चिडले असते, भांडले असते आणि भांडणात कबूल करून टाकलं असतं.

संक्रांतीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. मग सुरत, मग पुन्हा सुरत, मग तिथल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी रनाळ्याला तीनदा आले. तिसऱ्या वेळी तू ओसरीत खाटेवर होतीस. उन्हं तापलेली. सुनेने चहा आणला, तो मी प्याले, तू नुसता पाहिलास. कॉलेजचं विचारलंस. टपाल कोण घेतं, चालू बावीसपैकी कोणाचे अंक आले नाहीत. मी सांगितले, चार. स्मरणपत्रं गेली का? गेली. मग म्हणालीस, "नोंद सुधारी का?"

मी म्हटलं, "हो."

"आनि तिले?"

"सांगितलं."

तू "बरं झायं" म्हणालीस आणि हात माझ्या हातावर ठेवलास. हात खूप हलका झाला होता.

दोन प्रश्न आणि दोन खोटी उत्तरं. आजारी माणसाला त्रास नको म्हणून बोलले, असं मी घरी येताना स्वतःला समजावलं. पण तुला कशाचा त्रास होत होता हे मला माहीत होतं. तुला खरं वाटलं की नाही, ते मला कळणार नाही. आपला कॅटलॉग मोबाइलवर दिसतो आणि तुझ्या सुनेला मोबाइल चांगला येतो. त्यानंतर अकरा दिवस तू होतीस.

काल कार्डं मोजताना ते कार्ड हाती आलं. बंद झालेल्यांत, तुझ्या क्रमाने, जिथे असायला हवं तिथेच. खंड रद्दीत गेले तरी तू कार्ड टाकलं नव्हतंस. चौदा वर्षं, छप्पन घरं. पंचावन्न घरांत तारखा. सहाव्या वर्षाच्या दुसऱ्या अंकाच्या घरात लाल शाईने "आला नाही". आणि कार्डाच्या तळाला पेन्सिलीने तीन ओळी: "सर्व चौदा खंड काढून टाकले. संगणकावर नाहीत. आम्ही दोघींनी उघडून पाहिलं नाही." पुढे सुनीता पहिल्यांदा आली त्या दिवसाची तारीख.

त्या तीन ओळी मी पुन्हा वाचल्या. तू तर सांगितलं होतंस उघडून पाहायला. दोघींनी नाही, एकटीने पाहिलं नव्हतं. तुझ्याइतक्या नेमक्या बाईने इथे चूक लिहून ठेवली आहे आणि ती खोडायला तू नाहीस. शिवाय पेन्सिल. अजून संपलं नाही अशाच गोष्टीला तू पेन्सिल वापरायचीस.

आज सकाळी साडेदहाला सुनीताला फोन लावला. मधली सुट्टी होती बहुतेक, मागे मुलांचा आवाज होता. मी सगळं सांगितलं. यादी, रिकामे रकाने, टेम्पो, आणि साइटला कधीच अडचण नव्हती हेही. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तेव्हाच माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"मॅडम, मामाला सगळे पाडे पाठ होते. तो म्हणायचा, बस, मी सांगतो, तू काढ. मी म्हणायची, छापलेला नकाशा येणार आहे, तुला कशाला त्रास." मग ती म्हणाली, "मामा होळीनंतर गेला."

 माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली. ठीक आहे, असं म्हणाली नाही, आणि तिने म्हणायलाही नको होतं. मग म्हणाली, आईला थोडे पाडे आठवतात, नाल्याच्या अलीकडचे. रविवारी वही घेऊन बसते. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "त्या बाई कशा आहेत?" तेही मलाच सांगावं लागलं. ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं का हे?" मी म्हटलं, त्यांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. एवढं तुझ्या बाजूने बोलले, मंगल. एकवीस वर्षांत तुझ्या पाठीमागे तुझी बाजू घ्यायची वेळ कधी आली नव्हती. तुला गरज पडायची नाही.

दिवाळीत मी तीन वाक्यं बोलले असते तर तो नकाशा पुन्हा निघाला असता. हा हिशेब मी दुपारभर दहा प्रकारांनी करून पाहिला. उत्तर बदलत नाही.

मग बाकीची तीन उघडली. रकाना रिकामा होता त्या चौघांपैकी एकच खरोखर सुरुवातीपासून आहे. उरलेल्या दोघांचे आपण टाकलेले नऊ आणि अठरा खंड तिथे नाहीत. त्रैमासिकाचे चौदा धरून एक्केचाळीस. प्राचार्यांना मी हे लेखी दिलं, माझ्या नावाने. ते म्हणाले, "बाई, एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय? पुढच्या समितीपर्यंत राहू द्या." मी म्हटलं, सर, एक बाई मोलगीहून दोनदा येऊन गेली. त्यांनी कागद ठेवून घेतला.

सव्वाचारला मी कॅटलॉग उघडला. त्रैमासिकापुढचं "खंड एकपासून आजपर्यंत" काढलं. तिथे लिहिलं: "खंड पंधरापासून पुढे, फक्त संगणकावर, वर्गणी चालू असेपर्यंत. खंड एक ते चौदा या ग्रंथालयात नाहीत." उरलेल्या दोघांचंही तसंच केलं. आता रात्री कोणी मोबाइलवर शोधलं तर त्याला आपल्याकडे नाही असंच दिसेल, आणि तो पहाटेची जीप धरून इकडे येणार नाही.

नोंद सुधारली, मंगल. तिलाही सांगितलं. तू विचारलं होतंस तेव्हा यातलं काहीही झालेलं नव्हतं.

शोभा